आरआरडीकॅश्डमध्ये ‘फेच’ कमांड कशी जोडायची: ताजा डेटा थेट डीमनकडून

नेटवर्कवरच्या राऊटर-स्विचांचे, सर्व्हरच्या तापमानाचे, डिस्कच्या भरावाचे आलेख दाखवणाऱ्या कितीतरी यंत्रणांच्या पोटात आरआरडीटूल असतं, वेळेनुसार येणारी मोजमापं साठवून त्यांचे आलेख काढणारं. टोबियास ओएटिकर यांनी ते १९९९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच्या फाइलचा आकार पहिल्या दिवशी ठरतो आणि नंतर वाढत नाही. जागा संपली की सर्वांत जुन्या नोंदीवर नवी नोंद बसते. अडचण येते ती लिहिण्यात. दर पाच मिनिटांनी हजारो फाइली उघडायच्या आणि प्रत्येकीत मोजके बाइट टाकायचे, याने डिस्क बेजार होते. त्यावरचा उपाय २००९ मध्ये १.४ आवृत्तीबरोबर आला: आरआरडीकॅश्ड हा डीमन, म्हणजे पार्श्वभूमीत सतत चालणारा प्रोग्राम, मूळ लेखक फ्लोरियन फोर्स्टर. तो येणारी मोजमापं मेमरीत धरून ठेवतो आणि एका फाइलची साठलेली मूल्यं एकदम लिहितो. वेगळं काही सांगितलं नाही तर साधारण ३०० सेकंदांनी.

पण यामुळे डेटा दोन ठिकाणी विभागला गेला. जुना भाग डिस्कवर आणि ताजा भाग डीमनच्या मेमरीत. आलेख काढणाऱ्या प्रोग्रामने सरळ फाइल वाचली तर शेवटची काही मिनिटं रिकामी दिसतात. म्हणून ‘फ्लश’ कमांड होती: आधी डीमनला सांगायचं की या फाइलचं जे काही हातात आहे ते लिहून टाक, मग फाइल स्वतः उघडून वाचायची. डीमन आणि आलेख काढणारा एकाच मशीनवर असतील तर हे छान चालतं. दोघे वेगळ्या मशीनवर असले की फाइली एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटण्याच्या सोयीवर, वाटून द्याव्या लागतात, आणि मग एका बाजूने लिहिलेलं दुसऱ्या बाजूला कधी दिसेल ते एनएफएसच्या स्वतःच्या कॅशेवर ठरतं. ताजेपणासाठी एक कॅशे रिकामी करून दुसऱ्या कॅशेच्या भरवशावर बसायचं, हे काही खरं नाही.

माझं ठाम मत आहे की ज्याच्या मेमरीत न लिहिलेली मूल्यं आहेत, उत्तरही त्यानेच द्यावं. २०१५ च्या १.५ आवृत्तीतली ‘फेच’ कमांड नेमकं हेच करते. ही कमांड आज तयार मिळते. तरी ती १.४ च्या कोडवर स्वतः बांधून पाहावी, कारण डीमनचा सगळा सांगाडा त्यातून हाताखालून जातो आणि पुढे स्वतःची कमांड जोडायची झाली तर वाट माहीत असते. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. कमांड आणि फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. सॉकेटवर, म्हणजे डीमनशी बोलण्याच्या दारावर, टाइप करताना कमांड रोमन मोठ्या अक्षरांत द्यायच्या. सी भाषा आणि पीथ्रेडची तोंडओळख आहे असं धरून चाललो आहे.

पायरी १: खेळायला वेगळा डीमन

चालू यंत्रणेतल्या डीमनला हात लावू नका. १.४ चा सोर्स उतरवून घ्या आणि वेगळ्या फोल्डरमध्ये बिल्ड करा. ग्लिब या सी लायब्ररीच्या डेव्हलपमेंट फाइली मशीनवर असायला हव्यात, कारण डीमन आपल्या नोंदी ग्लिबच्या ट्रीमध्ये ठेवतो. मग हा डीमन ‘-जी’ देऊन समोरच चालवा म्हणजे तो पार्श्वभूमीत जाणार नाही. ‘-एल’ने एका तात्पुरत्या फोल्डरमधलं युनिक्स सॉकेट द्या, ‘-बी’ने त्याच फोल्डरला मूळ फोल्डर ठरवा आणि मोठ्या बीने त्याबाहेर लिहायला बंदी घाला.

आता एक गोष्ट मुद्दाम करायची: ‘-डब्ल्यू’ची मुदत वाढवून १८०० सेकंद ठेवा. मूल्यं मेमरीत भरपूर वेळ पडून राहिली तरच आपली कमांड ती बाहेर काढते का ते कळेल. मुदत छोटी असेल तर डीमन आपणहून लिहून मोकळा होईल आणि चुकीचा कोडसुद्धा बरोबर उत्तर देताना दिसेल.

चाचणीसाठी एक फाइल बनवा: सुरुवात १६९९९९९८००, स्टेप (दोन नोंदींमधलं ठरलेलं अंतर) ३०० सेकंद, ‘गेज’ प्रकारचा (मोजमाप जसं येईल तसं घेणारा) एकच डेटा सोर्स, हार्टबीट (एवढ्या वेळात मोजमाप आलं नाही तर मूल्य अज्ञात) ६००, आणि सरासरीचा एक संग्रह, त्यात २८८ ओळी, म्हणजे बरोबर एका दिवसाच्या. हेच आकडे शेवटच्या पायरीत लागतील.

पायरी २: कोड लिहिण्याआधी करार लिहा

आरआरडीकॅश्डचा प्रोटोकॉल ओळींचा आहे. क्लायंट एक ओळ पाठवतो. उत्तराच्या पहिल्या ओळीच्या सुरुवातीला एक पूर्णांक असतो आणि पुढे माणसाला वाचता येईल असा संदेश. पूर्णांक ऋण असेल तर चूक. शून्य असेल तर काम झालं, पुढे काही नाही. धन असेल तर तेवढ्या ओळी मागून येत आहेत. एवढाच नियम, आणि त्याच्या जोरावर कोणतीही भाषा वापरणारा क्लायंट अर्ध्या तासात लिहिता येतो. नवी कमांड याच नियमात बसवायची. उत्तर संपल्याची स्वतःची वेगळी खूण काढायचा मोह आवरायचा.

आपली कमांड अशी: आधी ‘फेच’, मग फाइलचं नाव, मग एकत्रीकरणाचं फंक्शन, म्हणजे ‘अ‍ॅव्हरेज’, ‘मिन’, ‘मॅक्स’ किंवा ‘लास्ट’. त्यापुढे हवी तर सुरुवातीची वेळ आणि तिच्यामागे हवी तर शेवटची. शेवट दिला नाही तर ‘आत्ता’, सुरुवात दिली नाही तर शेवटाच्या ८६,४०० सेकंद आधी, म्हणजे एक दिवस.

वेळ फक्त पूर्णांकात घ्यायची, हे इथेच पक्कं करा. आरआरडीटूलच्या कमांडलाइनवर ‘काल दुपारपासून’ अशा थाटाचे शब्द चालतात, पण ते समजून घेण्याचं काम क्लायंटचं. डीमन दुसऱ्या टाइमझोनमध्ये असू शकतो. ‘आज सकाळी आठ’ हे पुण्यातल्या लॅपटॉपवर आणि यूटीसीवर लावलेल्या सर्व्हरवर साडेपाच तासांनी वेगळं पडतं. पूर्णांकात असा घोटाळा होत नाही. ऋण किंवा शून्य आकडा आला तर तो शेवटाच्या वेळेपासून मागे मोजायचा, एवढी सोय पुरे.

उत्तरात आधी माहितीच्या सहा ओळी: फॉरमॅटची आवृत्ती, सुरुवात, शेवट, स्टेप, डेटा सोर्सची संख्या आणि त्यांची नावं. मग प्रत्येक वेळेसाठी एक ओळ: वेळ, अपूर्णविराम (:), आणि मूल्यं. आवृत्तीचा आकडा आज निरुपयोगी वाटतो. उद्या फॉरमॅट बदलला की जुन्या क्लायंटला तो ओळखू येण्याचा तेवढाच मार्ग उरतो, म्हणून तो पहिल्याच ओळीत हवा.

पायरी ३: कमांडच्या तक्त्यात नोंद

डीमनच्या मुख्य सी फाइलमध्ये सगळ्या कमांडचा एक तक्ता आहे. प्रत्येक नोंदीत कमांडचं नाव, ती हाताळणारं फंक्शन, ती कुठे चालेल याच्या खुणा, मांडणीची ओळ आणि मदतीचा मजकूर. ‘हेल्प’ कमांड हाच तक्ता वाचून उत्तर देते. त्यामुळे मांडणी आणि मदत नीट लिहिली की तिथलं काम आपोआप होतं.

विचार करायचा तो ‘कुठे चालेल’ याचा. जागा तीन आहेत: साधा क्लायंट, बॅच आणि जर्नल. बॅचमध्ये क्लायंट एकामागून एक कमांड पाठवत सुटतो आणि यशस्वी कमांडला डीमन उत्तरच देत नाही. शेवटी फक्त चुकांचा हिशोब परत येतो. तिथे ‘फेच’ चालू दिली तर डीमन फाइल वाचेल, मेमरीत उत्तर रचेल आणि कोणालाच देणार नाही. जर्नल तर डीमन पडून पुन्हा उठल्यावर न लिहिलेली मूल्यं परत भरण्यासाठी वाचला जातो. तिथे समोर सॉकेटच नसतं. म्हणून आपली कमांड फक्त साध्या क्लायंटसाठी.

पायरी ४: ओळीतले तुकडे वेगळे करणं

हाताळणाऱ्या फंक्शनला सॉकेट, आत्ताची वेळ आणि उरलेली ओळ मिळते. तुकडे काढायला डीमनमध्ये आधीपासून एक फंक्शन आहे. स्पेस असलेल्या नावांमधला बॅकस्लॅश ते समजतं. तेच वापरा. स्वतः स्पेसवर तोडत बसलात तर ‘मुख्य राऊटर’ असं नाव असलेली फाइल कधीच सापडणार नाही.

वेळेचा आकडा वाचताना तीन गोष्टी तपासा: एकही अंक वाचला गेला का, आकडा मर्यादेबाहेर गेला का, आणि अंकांच्या मागे काही कचरा उरला का. तिसरी तपासणी बहुतेकदा राहून जाते, आणि मग ‘१७००००००००एक्स’ला डीमन बिनदिक्कत होकार देतो. शेवटाची वेळ आधी ठरवा, मग सुरुवातीची, कारण सुरुवात शेवटावरून मोजली जाऊ शकते. ओळीत मात्र सुरुवात आधी येते. म्हणून दोन्ही तुकडे अक्षरांच्या रूपात काढून घ्या आणि नंतर उलट्या क्रमाने आकड्यांत बदला. सुरुवात शेवटापुढे गेली असेल तर तिथेच नकार.

नंतर नाव पूर्ण मार्गात बदलणारं फंक्शन आणि त्यामागोमाग फाइल मूळ फोल्डरच्या आत आहे का ते पाहणारं फंक्शन. हा क्रम कधी उलटा करू नका. आतापर्यंतच्या मुख्य कमांड फाइलीत लिहीत होत्या किंवा लिहायला लावत होत्या. ‘फेच’ फाइलमधला मजकूर बाहेर पाठवते. मूळ फोल्डराबाहेरची फाइल वाचू दिली तर गळती आपणच उघडली.

पायरी ५: फ्लश, आणि त्यातले बारकावे

जुन्या पद्धतीच्या दुकानातला हिशोब आठवा: दिवसभराच्या नोंदी कच्च्या वहीत, आणि निवांत वेळ मिळेल तशा खतावणीत. गिऱ्हाइकाने बाकी विचारली तर मुनीम आधी त्या गिऱ्हाइकाच्या कच्च्या नोंदी खतावणीत चढवतो आणि मग खतावणी वाचून सांगतो. ‘फेच’ही तसंच वागते: मागितलेल्या फाइलची मूल्यं आधी डिस्कवर, मग वाचन.

मेमरीतली मूल्यं आणि डिस्कवरची मूल्यं एकत्र करून थेट उत्तर का देऊ नये, असा प्रश्न इथे पडतो. मेमरीत असतात ती कच्ची मोजमापं. डिस्कवर असतात त्या स्टेपनुसार काढलेल्या सरासऱ्या. मोजमापाचा प्रकार मोजत जाणारा काउंटर असेल तर दोन नोंदींतला फरक काढून वेळेने भागावा लागतो, हार्टबीट उलटली असेल तर मूल्य अज्ञात ठरवावं लागतं, आणि मग प्रत्येक संग्रहासाठी एकत्रीकरण करायचं. हे सगळं अपडेटचा कोड करतोच. त्याची दुसरी आवृत्ती लिहिली तर दोन्हींत कधी ना कधी फरक पडेल, आणि तो आलेखात दिसेपर्यंत कळणार नाही.

म्हणून डीमनचं फाइल फ्लश करणारं आतलं फंक्शन वापरा. ते असं चालतं: कॅशेचं लॉक घेतं, ट्रीमध्ये फाइलची नोंद शोधतं, नोंदीत मूल्यं असतील तर ती रांगेच्या अगदी पुढे लावतं आणि ‘फ्लश झालं’ असा इशारा येईपर्यंत थांबतं. इशारा देणारा असतो लिहिणारा थ्रेड. प्रत्येक जोडणीसाठी डीमनचा वेगळा थ्रेड असल्यामुळे एका क्लायंटच्या थांबण्याने दुसऱ्याचं काम अडत नाही.

इथे चार जागा जपायच्या.

एक: फाइल ट्रीमध्ये सापडली नाही तर ती चूक नव्हे. डीमन सुरू झाल्यापासून त्या फाइलला नवं मोजमाप आलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आतलं फंक्शन त्या वेळी ‘अशी नोंद नाही’ असा कोड परत करतं. तो कोड आला तर फाइल डिस्कवर आहे का ते पाहा आणि असेल तर पुढे वाचा. हे विसरलात तर बंद पडलेल्या राऊटरचा जुना आलेख कोणालाच मिळणार नाही, आणि बिघाडाच्या वेळी नेमका तोच हवा असतो.

दोन: इशारा मिळाल्यावर नोंदीच्या पॉइंटरला हात लावायचा नाही. आपण थांबलेलो असताना लॉक सुटलेलं असतं. त्या वेळात कोणी ‘फर्गेट’ कमांड देऊन नोंद ट्रीमधून काढून टाकली असू शकते. डीमनच्या कोडमध्ये या जागी मोठ्या अक्षरांत ताकीद लिहिलेली आहे, आणि ती तशीच लिहायला हवी. पुढे फाइलचं नावच वापरा. ते तुमच्या स्वतःच्या मेमरीत आहे.

तीन, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लिहिणारा थ्रेड लॉक धरून मूल्यं नोंदीतून उचलतो, लॉक सोडतो आणि मग डिस्कवर लिहितो. लॉक सोडण्याचं कारण रास्त आहे: डिस्क संथ असते, तिच्यासाठी सगळ्यांना थांबवणं परवडत नाही. पण मूल्यं नोंदीतून निघाली आहेत आणि डिस्कवर पोचलेली नाहीत असा एक काळ त्यातून तयार होतो. नेमकी तेव्हाच ‘फेच’ आली तर तिला नोंद रिकामी दिसते, ती न थांबता फाइल वाचते, आणि थोडी जुनी उत्तरं देते. आलेखासाठी हे चालून जाईल. इशारा-घंटा वाजवणाऱ्या प्रोग्रामसाठी चालणार नाही. तुम्ही स्वतःचा डीमन लिहीत असाल तर नोंदीत ‘लिहिणं चालू’ अशी एक खूण ठेवा, थ्रेडने मूल्यं उचलताना ती लावावी, लिहून झाल्यावर उतरवावी, आणि फ्लशने मूल्यं किंवा ही खूण यांपैकी काहीही असेल तर थांबावं.

चार: डीमन बंद होत असताना आलेली विनंती. रांग रिकामी करणारे थ्रेड निघून गेले तर इशाऱ्याची वाट पाहणारा कायमचा अडकतो. बंद होण्याच्या मार्गावर थांबलेल्या सगळ्यांना जागं करण्याची सोय आहे ना, हे कोडमध्ये डोळ्यांनी पाहून घ्या.

पायरी ६: वाचन आणि उत्तराची रचना

वाचनासाठी आरआरडीटूलच्या लायब्ररीतलं थ्रेडमध्ये सुरक्षित चालणारं फेच फंक्शन आहे, नावाच्या शेवटी ‘_आर’ असलेलं. त्याला फाइल, एकत्रीकरण आणि वेळा द्यायच्या. ते सुरुवात, शेवट आणि स्टेप स्वतः बदलून परत देतं, सोबत नावांची यादी आणि आकड्यांचा सलग अ‍ॅरे. यादीतलं प्रत्येक नाव, स्वतः यादी आणि अ‍ॅरे, तिन्ही मोकळं करण्याची जबाबदारी आपली. चुकीच्या वाटेने बाहेर पडतानाही. डीमन महिनोन्‌महिने चालतो. प्रत्येक विनंतीमागे थोडी मेमरी गळली तरी एक दिवस सगळी संपते.

आता वेळांचा हिशोब, जिथे जवळपास प्रत्येक नवा क्लायंट घसरतो. लायब्ररी सुरुवातीची वेळ स्टेपच्या पटीपर्यंत खाली आणते आणि शेवटाची पुढच्या पटीपर्यंत वर नेते. परत आलेली सुरुवात ही पहिल्या ओळीची वेळ नसते. ओळीची वेळ म्हणजे तिच्या कालखंडाचा शेवट. म्हणून पहिली ओळ सुरुवात अधिक स्टेप या वेळेची आणि शेवटची ओळ शेवटाच्या वेळेची. आपल्या फाइलवर करून पाहू. मागणी १७०००००००० ते १७०००००९०० अशी आहे. स्टेप ३००. सुरुवात होते १६९९९९९८००, शेवट होतो १७००००१०००. मधलं अंतर १२००, म्हणजे चार ओळी: १७०००००१००, ४००, ७०० आणि १००० वर संपणाऱ्या. शेवटचा खंड अजून पुरा झालेला नसेल तर त्याचं मूल्य ‘नॅन’, म्हणजे ‘आकडाच नाही’, असं येतं. ती चूक नव्हे, ते खरं उत्तर आहे. त्याला शून्य करून पाठवू नका. ‘काही माहीत नाही’ आणि ‘वाहतूक शून्य’ यांत सेवा चालू आहे की बंद एवढा फरक असतो.

दशांश चिन्हाकडेही पाहा. सी मधलं छापणं लोकेलप्रमाणे, म्हणजे भाषा-देशानुसार ठरलेल्या मांडणीप्रमाणे, चालतं. जर्मन लोकेलवर दशांश बिंदूऐवजी स्वल्पविराम येतो. वायरवर जाणारे आकडे नेहमी बिंदूनेच गेले पाहिजेत, म्हणून डीमनमध्ये आकड्यांचं लोकेल ‘सी’ ठेवा.

मूल्यं घातांकी रूपात, बिंदूनंतर दहा अंक, अशी छापली जातात. एका धन मूल्याला सोळा अक्षरं आणि आधीची स्पेस मिळून सतरा. ओळ रचायला १०२४ अक्षरांचा बफर घेतला तर साठेक डेटा सोर्सनंतर तो भरतो. बहुतेकांच्या फाइलीत एक-दोनच सोर्स असतात. पण ज्याच्या फाइलीत शंभर आहेत त्याला अर्धवट ओळ जाऊ नये. बफरची लांबी सोर्सच्या संख्येवरून काढा, किंवा प्रत्येक मूल्य ओळीला जोडल्यावर उरलेली जागा तपासा आणि संपली तर स्पष्ट चूक परत करा.

राहिली पहिली ओळ. प्रोटोकॉलप्रमाणे किती ओळी येणार हा आकडा सर्वांत आधी जायला हवा. डीमनमधला रिवाज असा की माहितीच्या ओळी सॉकेटच्या बफरमध्ये साठवत जायच्या, आणि उत्तर पाठवणारं फंक्शन शेवटी त्या मोजून आकडा पुढे लावतं. सोपं आहे आणि चूक होत नाही. किंमत मेमरीची. पाच मिनिटांच्या स्टेपने एका वर्षाच्या १,०५,१२० ओळी होतात. दोन सोर्स असतील तर प्रत्येक ओळ ४६ बाइट, म्हणजे सुमारे ४८ लाख बाइट एका विनंतीमागे. एखाद-दुसऱ्या वापरणाऱ्यासाठी ठीक. पन्नास आलेखांचं पान एकदम उघडलं तर जड. पर्याय असा: ओळींची संख्या आपल्याला आधीच काढता येते, सहा अधिक (शेवट वजा सुरुवात) भागिले स्टेप. तेव्हा आकडा आधी पाठवून ओळी तुकड्यातुकड्यांनी सोडता येतील. मी सुरुवातीला पहिलीच पद्धत घेईन आणि मोजून पाहिल्यावरच दुसरीकडे वळेन, कारण दुसऱ्या पद्धतीत मध्येच काही बिनसलं तर चूक सांगायला जागाच उरलेली नसते. आकडा आधीच गेलेला असतो.

पायरी ७: क्लायंटची बाजू

क्लायंट लायब्ररीत जे फंक्शन लिहाल त्याचे आर्ग्युमेंट आणि परतावा लायब्ररीच्या फेच फंक्शनसारखेच ठेवा. आलेख काढणाऱ्या कोडला डेटा स्थानिक फाइलीतून आला की डीमनकडून, हे कळायचीही गरज पडू नये. जोडणी असेल तर हे फंक्शन, नसेल तर ते, एवढा एकच फाटा.

माहितीच्या ओळी वाचताना नाव जुळतं का ते पाहा; नुसता क्रम धरून चालू नका. आवृत्ती ओळखीची नसेल तर थांबा. सोर्सची संख्या आणि नावांच्या ओळीत प्रत्यक्ष सापडलेली नावं जुळली पाहिजेत. प्रत्येक ओळीची वेळ अपेक्षेप्रमाणे आहे का तेही तपासा. सर्व्हरने सांगितलेल्या संख्येवर विसंबून मेमरी मागू नका, आधी तिला मर्यादा घाला. आणि समोरचा डीमन जुना असेल तर ‘फेच’ला तो अनोळखी कमांड म्हणून ऋण आकडा देईल, तेव्हा काय झालं ते वापरणाऱ्याला शब्दांत सांगा.

फाइलचं नाव कसं पाठवायचं याचाही विचार हवा. युनिक्स सॉकेटवर क्लायंट आणि डीमन एकाच मशीनवर असतात, त्यामुळे अपुरा मार्ग क्लायंटनेच पूर्ण करून पाठवणं बरोबर. नेटवर्कवर तसं केलं तर क्लायंटच्या मशीनवरचा मार्ग सर्व्हरला दिला जाईल. तिथे नाव जसंच्या तसं पाठवायचं, ते मूळ फोल्डरला जोडून घेणं डीमनचं काम.

पायरी ८: परवानगी

या प्रोटोकॉलमध्ये ओळख पटवण्याची सोय नाही. जो जोडला जाऊ शकतो तो कमांड देऊ शकतो. नेटवर्क सॉकेटचं ठरलेलं पोर्ट ४२२१७ आहे आणि ते उघड्या इंटरनेटवर ठेवायचं नाही. स्वतंत्र व्हीलॅन किंवा व्हीपीएन, आणि वर फायरवॉल.

डीमन ‘-पी’ने (रोमन मोठा पी) प्रत्येक सॉकेटला कोणत्या कमांड चालतील ते ठरवू देतो. मोजमापं गोळा करणाऱ्यांच्या सॉकेटला ‘अपडेट’ आणि ‘बॅच’ द्या; आलेखाच्या मशीनच्या सॉकेटला फक्त ‘फेच’. ‘-पी’ त्याच्या मागून येणाऱ्या ‘-एल’ला लागू होतो, क्रम चुकला तर परवानगी भलत्याच सॉकेटला जाते. नवी कमांड तक्त्यात आल्यामुळे तिचं नाव इथे आपोआप ओळखलं जातं, पण ज्यांनी ‘-पी’ दिलेलाच नाही त्यांच्याकडे ती अपग्रेडबरोबर सगळ्यांना खुली होते. ही गोष्ट बदलांच्या यादीत ठळक लिहा.

पायरी ९: तपासणी

सोकॅट किंवा नेटकॅटने सॉकेटला जोडून हाताने कमांड द्या. पहिल्यांदा ‘अपडेट’ने तीन मूल्यं एकाच ओळीत: १७०००००१०० ला १०, १७०००००४०० ला २० आणि १७०००००७०० ला ३०. ‘पेंडिंग’ने ती तिन्ही मेमरीत आहेत याची खात्री करा. आता दुसऱ्या टर्मिनलमधून डीमनला मध्ये न घेता फाइल थेट वाचा: सगळीकडे ‘नॅन’ दिसायला हवं. तसं दिसत नसेल तर चाचणीची मांडणीच चुकली आहे, पुढे जाऊ नका.

मग ‘फेच’, १७०००००००० ते १७०००००९००, सरासरी. उत्तराची पहिली ओळ १० या आकड्याने सुरू व्हावी: सहा माहितीच्या, चार डेटाच्या. डेटात १०, २०, ३० आणि शेवटी ‘नॅन’. लगेच ‘पेंडिंग’ विचारा, काही उरलेलं नसावं. पुन्हा थेट फाइल वाचा, आता तिथेही हीच मूल्यं असावीत.

त्यानंतर वाकड्या वाटा: नसलेली फाइल, मूळ फोल्डराबाहेरची फाइल, दोन टिंबांनी वर चढणारा मार्ग, चुकीचं एकत्रीकरण, अक्षरं मिसळलेली वेळ, उलटी वेळ, बॅचच्या आत ‘फेच’, परवानगी नसलेल्या सॉकेटवर ‘फेच’. बॅच सोडून प्रत्येक वेळी ऋण आकडा आणि समजेल असा संदेश यायला हवा, बॅचमधली चूक तिच्या शेवटच्या हिशोबात दिसायला हवी, आणि त्यानंतर त्याच जोडणीवर पुढची साधी कमांड नीट चालायला हवी. हे शेवटचं फार जण पाहत नाहीत. चुकीच्या उत्तरानंतर बफरमध्ये उरलेल्या ओळी पुढच्या उत्तरात मिसळतात.

शेवटी ताण द्या. एक स्क्रिप्ट सतत ‘अपडेट’ पाठवत राहील, दुसरी ‘फेच’ मागत राहील, तिसरी मधूनमधून ‘फर्गेट’ करेल, सगळं त्याच एका फाइलवर. डीमन मेमरीच्या चुका पकडणाऱ्या व्हॅलग्राइंडखाली चालवा. पायरी ५ मधली पॉइंटरची चूक झाली असेल तर ती इथे पकडली जाते, एरवी ती कित्येक महिन्यांनी एका रात्री उगवेल.

बायनरी रूपाबद्दल

आकडे अक्षरांत बदलायचे आणि पलीकडे पुन्हा आकड्यांत आणायचे, यात प्रोसेसरचा वेळ जातो आणि अचूकताही. दुहेरी अचूकतेचा आकडा जसाच्या तसा परत मिळायला सतरा सार्थ अंक लागतात, आपण अकरा पाठवतो. आलेखावर हा फरक दिसत नाही, हिशोबाच्या बिलात दिसू शकतो. वर्षभराच्या त्याच मागणीला बायनरीत दोन सोर्ससाठी सुमारे १७ लाख बाइट पुरतात. आरआरडीटूलमध्ये यासाठी ‘फेचबिन’ ही वेगळी कमांड आहे: माहितीच्या ओळी अक्षरांतच, आणि मूल्यं प्रत्येक सोर्समागे सलग बाइटांत, सोबत त्यांची संख्या, एकाचा आकार आणि बाइटांचा क्रम.

वेगळी कमांड ठेवण्याचा निर्णय मला पटतो. अक्षरांतली ‘फेच’ नेटकॅटने वाचता येते, रात्री दोन वाजता बिघाड शोधताना डोळ्यांनी तपासता येते. आधी ती पक्की करा, तिच्यावरच्या सगळ्या चाचण्या पास होऊ द्या. मग बायनरी कमांडच्या उत्तराची तुलना तिच्याच उत्तराशी करणारी चाचणी लिहा. हाताळणीचा सामाईक भाग, म्हणजे ओळ वाचणं, परवानगी, फ्लश आणि लायब्ररीचं वाचन, एका फंक्शनमध्ये काढा आणि दोन्ही कमांड फक्त छापण्यात वेगळ्या ठेवा. मॅन्युअलचा पॉड या पर्लच्या दस्तऐवज फॉरमॅटमधला मजकूरही त्याच पॅचमध्ये बदला: मांडणी, वेळेचे नियम, पहिली ओळ सुरुवात अधिक स्टेप या वेळेची असते हे वाक्य, आणि एका खऱ्या उत्तराचा नमुना.